महाराष्ट्र मंडळांच्या कार्यकारिणींना खुलं पत्र: आयईपीच्या टेबलाशी आपलंही माणूस बसू दे

अमेरिकेतल्या सर्व महाराष्ट्र मंडळांचे अध्यक्ष आणि कार्यकारिणी सदस्य यांस,

सप्रेम नमस्कार.

गणपती पार पडले, दिवाळीच्या कार्यक्रमाची तिकिटं निघाली, एकांकिकेच्या तालमींना जोर आलाय. अशा धबडग्यात तुमच्या डोक्यावर आणखी एक काम टाकायला हे पत्र लिहिते आहे, तेव्हा रागावू नका. मी मंडळाची जुनी सभासद आहे, फूड कमिटीत वर्षानुवर्षं राबलेली आहे. कार्यकारिणीकडे किती वेळ उरतो हे मला चांगलं ठाऊक आहे.

माझा मुलगा ऑटिस्टिक आहे. मंडळात हे सगळ्यांना माहीत आहे, म्हणूनच बहुधा प्रत्येक कार्यक्रमात कुणी ना कुणी मला बाजूला घेतं. जेवणाची रांग संपत आलेली असते आणि एखादी ताई कोट चढवता चढवता हळूच म्हणते, "शाळेने मीटिंगला बोलावलंय हो. तुम्ही कुणाला घेऊन गेला होतात? ओळखीत कुणी आहे का?" घर घेताना रिअल्टर कोण, टॅक्सला सीपीए कोण, मुंजीला गुरुजी कोण, हे प्रश्न आपल्याकडे व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर खुलेआम विचारले जातात आणि पाच मिनिटांत दहा नावं येतात. हा एकच प्रश्न पार्किंग लॉटमध्ये दबक्या आवाजात येतो. माझी मागणी एवढीच की हा प्रश्न मंडळाने आपला मानावा.

ज्यांच्यावर ही वेळ आलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आयईपी म्हणजे विशेष गरजा असलेल्या मुलासाठी शाळेने करायचा लेखी आराखडा. मूल आज कुठे आहे, वर्षभरात कुठवर न्यायचं, त्यासाठी कोणती थेरपी किती मिनिटं, कोणत्या वर्गात, हे सगळं त्यात येतं. तो दर वर्षी नव्याने बघायचा असतो. त्या मीटिंगला टेबलाच्या एका बाजूला वर्गशिक्षिका, स्पेशल एडच्या (विशेष शिक्षणाच्या) शिक्षिका, स्कूल सायकॉलॉजिस्ट, स्पीच थेरपिस्ट, ऑक्युपेशनल थेरपिस्ट आणि डिस्ट्रिक्टचा, म्हणजे शाळा चालवणाऱ्या स्थानिक यंत्रणेचा, प्रतिनिधी. दुसऱ्या बाजूला आई, आणि सुट्टी मिळाली तर बाबा. ही मंडळी बहुतेक वेळा सज्जन असतात, हे मुद्दाम सांगते. मुलाचं मनापासून कौतुक करतात. पण पडद्यावर वीस-पंचवीस पानं भराभर सरकतात, शेवटी "एनी क्वेश्चन्स?" असं विचारलं जातं, आणि ऑफिसात एकेका ओळीवर तासभर वाद घालणारे आपले लोक म्हणतात, "नो, लुक्स गुड, थँक यू सो मच." बाईंसमोर उलट बोलायचं नाही हे आपल्यात पहिलीपासून मुरलेलं आहे.

त्या पानांवर काय असतं, त्याच्या दोन ओळी दाखवते. पहिली ध्येयाची: "विद्यार्थी ८० टक्के अचूकतेने आपलं संभाषण कौशल्य सुधारेल." वाचायला छान. पण कशाचे ८० टक्के? कुणाशी बोलताना? बाईंनी आठवण करून दिल्यावर की आपणहून? आज तो आकडा किती आहे, ३० की ७५? मोजणार कोण आणि कधी? यातलं काहीच लिहिलेलं नसेल तर वर्षअखेरीला "प्रगती समाधानकारक" लिहायला कुणालाच अडचण येत नाही. दुसरी ओळ सेवांच्या तक्त्यातली: "स्पीच, महिन्याला १२० मिनिटं, कन्सल्ट." आईबाप मनात भागाकार करतात, आठवड्याला अर्धा तास, ठीक आहे. प्रत्यक्षात "कन्सल्ट" असेल तर थेरपिस्ट शिक्षिकेशी सल्लामसलत करणार. "डायरेक्ट" सेवेत बसते तशी आपल्या मुलासमोर ती बसेलच असं नाही. आणि हिशेब महिन्याचा असल्यामुळे सगळी मिनिटं शेवटच्या आठवड्यात उरकली तरी कागद पाळला गेला असं होतं.

या ओळीवर बोट ठेवून "हे डायरेक्ट का नाही?" असं शांतपणे विचारणारी व्यक्ती म्हणजे स्पेशल एज्युकेशन अ‍ॅडव्होकेट. इथे अ‍ॅडव्होकेट म्हणजे वकील नव्हे. बहुतेकदा ती निवृत्त स्पेशल एड शिक्षिका असते, नाहीतर स्वतःच्या मुलासाठी हीच वाट तुडवलेले आई किंवा वडील. ती मुलाची फाइल वाचते, चाचण्यांच्या आकड्यांचा अर्थ सांगते, मीटिंगआधी काय मागायचं ते पालकांकडून लिहून घेते आणि मीटिंगला शेजारी बसते. आमच्या पहिल्या मीटिंगला आलेल्या बाई तासाभरात फार तर चार वाक्यं बोलल्या असतील. बाकी वेळ त्या लिहीत होत्या, आणि समोर कुणीतरी लिहून घेतंय म्हटल्यावर खोलीतल्या बोलण्याची पट्टीच बदलली. "बघूया", "प्रयत्न करू" यांच्या जागी तारखा आल्या.

अशा माणसाला सोबत नेण्यासाठी कुणाच्या पाया पडावं लागत नाही. आयडीईए या अपंग मुलांच्या शिक्षणाच्या केंद्रीय कायद्याच्या नियमांनुसार मुलाबद्दल माहिती किंवा विशेष जाण असलेल्या व्यक्तीला आयईपी टीममध्ये आणण्याचा अधिकार पालकांना आहे. त्या व्यक्तीकडे तशी जाण आहे की नाही हे ठरवण्याचा अधिकार तिला ज्याने बोलावलं त्याच्याकडे असतो. म्हणजे आपण बोलावलं तर आपल्याकडे. शेजारी चालतो, मावशी चालते, मंडळातली काकूही चालते. शाळेला आधी ईमेलने कळवावं, तेवढा शिष्टाचार पाळावा. दुभाषा लागत असेल तर त्याची सोय शाळेने करायची असते. आपले लोक इथे "आम्हाला इंग्रजी येतं" म्हणून तो नाकारतात. येतं हो, पण सोमवारच्या स्टेटस मीटिंगमधलं इंग्रजी वेगळं आणि स्वतःच्या लेकराबद्दल "गंभीर स्वरूपाची कमतरता" ऐकताना समजून घ्यायचं इंग्रजी वेगळं. घरी मुलाला आजी सांभाळत असेल आणि ती मीटिंगला येणार असेल, तर तिच्यासाठी मराठी दुभाषा मागायला काहीच हरकत नाही.

मंडळाने यात का पडावं, असं तुमच्यापैकी काहींच्या मनात येईल. हा कायदा आला कसा ते बघा. १९७५ च्या आधी या देशातल्या सरकारी शाळा अपंग मुलांपैकी जेमतेम पाचातल्या एकाला शिकवत होत्या. बहिऱ्या, अंध किंवा मतिमंद ठरवलेल्या मुलांना दारातूनच परत पाठवायची मुभा कित्येक राज्यांच्या कायद्यांतच होती. १९७१ साली पेनसिल्व्हेनियातल्या पालकांच्या संघटनेने राज्याविरुद्ध खटला गुदरला, पुढच्या वर्षी वॉशिंग्टन डीसीतल्या पालकांच्या बाजूने निकाल लागला, आणि नोव्हेंबर १९७५ मध्ये राष्ट्राध्यक्ष फोर्ड यांनी ज्या कायद्यावर सही केली त्याचंच आजचं रूप म्हणजे आयडीईए. एकेकट्या पालकाने मनधरणी करून हे मिळालेलं नाही. संघटनेने मिळवलं. आणि आपल्याकडे संघटना आयती आहे, पत्त्यांच्या यादीसकट.

पुढेही कोर्टात जे घडलं त्याचा बोध हाच की माणूस सोबत लवकर हवा, प्रकरण चिघळल्यावर नको. २००५ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तक्रार जो करतो, पुरावा त्याने द्यायचा. म्हणजे बहुतेक वेळा पालकांनी. न्यू जर्सी आणि न्यूयॉर्क या राज्यांनी नंतर स्वतःचा कायदा करून तो भार शाळेवर टाकला, पण सगळीकडे तसं नाही. २००६ साली न्यूयॉर्कमधल्या एका कुटुंबाने खटला जिंकला आणि मदत करणाऱ्या शैक्षणिक सल्लागाराची फी डिस्ट्रिक्टकडून मागितली, तेव्हा सुप्रीम कोर्टाने ती नाकारली. जिंकल्यावर वकिलाची फी परत मिळू शकते, तज्ज्ञाची नाही. २०१७ चा निकाल मात्र आपल्या बाजूचा आहे. कोलोरॅडोतल्या एका ऑटिस्टिक मुलाच्या आयईपीत वर्षानुवर्षं जवळजवळ तीच ध्येयं उतरवली जात होती. तेव्हाच्या आठच्या आठ न्यायमूर्तींनी सांगितलं की नाममात्र प्रगती पुरेशी नाही, त्या मुलाच्या परिस्थितीत शोभेल अशी प्रगती होईल असा आराखडा हवा. गेल्या वर्षीचा आणि यंदाचा आयईपी शेजारी ठेवून ध्येयं जशीच्या तशी उतरली आहेत का ते बघणं, हे कुठल्याही सुशिक्षित माणसाला जमेल असं काम आहे. त्याला कायद्याची पदवी लागत नाही. वेळ लागतो, आणि त्या क्षणी आईबापांकडे नसलेलं थंड डोकं लागतं.

आता मला सतत विचारला जाणारा प्रश्न, शोधायचं कुठे. पैसे खर्च करण्याआधी आपल्या राज्याच्या पेरेंट ट्रेनिंग अँड इन्फर्मेशन सेंटरला फोन करा. प्रत्येक राज्यात असं किमान एक केंद्र आहे, केंद्र सरकारच्या अनुदानावर चालतं, मदत फुकट असते, आणि तिथे फोन उचलणारी बाई बरेचदा स्वतः अशा मुलाची आई असते. आपल्या लोकांना हे माहीतच नसतं, आणि फुकट आहे म्हटल्यावर "मग काय दर्जाचं असणार" असं वाटतं ते वेगळंच. प्रत्येक राज्यात अपंगांच्या हक्कांसाठी काम करणारी कायदेशीर संस्थाही असते. मूल मारहाण, कोंडून ठेवणं किंवा वारंवार घरी पाठवणं अशा प्रकारांतून जात असेल तर थेट तिकडे जा. खासगी अ‍ॅडव्होकेट हवा असेल तर कोपा या पालक-वकील-अ‍ॅडव्होकेट परिषदेची यादी आहे. ही परिषद अ‍ॅडव्होकेटना प्रशिक्षणही देते.

मात्र डोळे उघडे ठेवा, कारण या कामाला केंद्रीय परवाना नाही. उद्या सकाळी कुणीही उठून कार्ड छापू शकतं. फी तासाला शंभर डॉलरच्या पुढे सहज जाते आणि मीटिंगपेक्षा फाइल वाचण्याचेच तास जास्त भरतात. "मी तुम्हाला खासगी शाळा मिळवून देतोच" अशी हमी देणारा नको. फाइल न वाचता "डिस्ट्रिक्टवाले सगळे चोर" म्हणणारा तर अजिबात नको, कारण तो भांडून घरी जाईल आणि मूल दुसऱ्या दिवशी त्याच शाळेत जाईल. मी स्वतः विचारायचे ते प्रश्न असे: आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये आधी बसला आहात का? शेवटचं प्रशिक्षण कधी घेतलंत? मीटिंगला बोलणार कोण, तुम्ही की आम्ही? काय करणार आणि किती घेणार हे लिहून द्याल का? शेवटच्या प्रश्नाला जो चाचरतो त्याला नमस्कार करावा. आणखी एक, वकिलाशी झालेल्या बोलण्याला गोपनीयतेचं जे संरक्षण असतं ते अ‍ॅडव्होकेटशी झालेल्या बोलण्याला सहसा नसतं, तेव्हा ईमेलमध्ये शिक्षिकेबद्दल वाटेल ते लिहू नये.

अ‍ॅडव्होकेट मिळेपर्यंत हात बांधून बसायचं कारण नाही. मुलाचं सगळं रेकॉर्ड लेखी मागवा. मीटिंगच्या आधी आणि काही झालं तरी ४५ दिवसांत ते बघायला मिळालं पाहिजे. मूल्यमापनाची मागणीही लेखीच करा. पालकांची संमती मिळाल्यापासून मूल्यमापन ६० दिवसांत पुरं करावं असा केंद्राचा नियम आहे, राज्याने स्वतःची मुदत ठरवली असेल तर ती लागू. शाळेचं मूल्यमापन पटलं नाही तर बाहेरच्या तज्ज्ञाकडून शाळेच्या खर्चाने दुसरं मागता येतं. तेव्हा शाळेला एक तर पैसे द्यावे लागतात, नाहीतर आपलं मूल्यमापन योग्य होतं हे सुनावणीत सिद्ध करावं लागतं. एखादी गोष्ट नाकारली तर "प्रायर रिटन नोटिस द्या" एवढे चार शब्द म्हणा. नकार आणि त्याची कारणं कागदावर द्यायला शाळा बांधील आहे, आणि तोंडी दिलेले कित्येक नकार कागदावर यायची वेळ आली की विरघळतात. कागद पुढे आला की सही हजेरीची आहे की संमतीची ते वाचा. घरी नेऊन वाचतो म्हणालात तर कुणी अडवत नाही.

हे सगळं इंटरनेटवर आहे, मग मंडळ कशाला? कारण आपल्या घरांत माहितीच्या आधी भीती येते, आणि ती मराठीत येते. "एच-वनवर आहोत, शाळेशी वाकडं घेतलं तर ग्रीन कार्डला आडकाठी येईल." येत नाही. सरकारी शाळेतल्या शिक्षणाचा हक्क आईबापांच्या व्हिसावर अवलंबून नाही, हे सुप्रीम कोर्टाने १९८२ मध्येच कागदपत्रं नसलेल्या मुलांच्या खटल्यात सांगितलं आहे, मग आपली काय कथा. "नोकरी बदलली, राज्य बदललं, आता सगळं पहिल्यापासून." तेही नाही. नव्या शाळेने स्वतःचं मूल्यमापन आणि नवा आयईपी करेपर्यंत जुन्यासारख्याच सेवा द्यायच्या असतात. "घरी मराठी बोलता ना, म्हणून बोलायला उशीर होतोय, फक्त इंग्रजी बोला." हे अजूनही काही ठिकाणी सांगितलं जातं, आणि आईबाप बिचारे रातोरात मुलाशी मराठी बोलणं बंद करतात. दोन भाषांमुळे ऑटिझम होत नाही आणि भाषेचा विकारही होत नाही. शाळेने मूल्यमापन करतानासुद्धा मुलाची घरची भाषा लक्षात घ्यायची असते. मराठी शाळा चालवणाऱ्या मंडळाने निदान या एका मुद्द्यावर तरी आवाज चढवावा! आणि भारतातून आलेले आजी-आजोबा, "याचा बापही चार वर्षांचा होईस्तोवर बोलत नव्हता." त्यांना समजावण्याचं सामर्थ्य माझ्यात नाही. मंडळातल्या एखाद्या डॉक्टरांनी स्टेजवरून सांगितलं तर कदाचित ऐकतील.

आता मागण्या. पैशांची मोठी अपेक्षा नाही. मंडळातल्या दोघा-तिघांना अ‍ॅडव्होकेट प्रशिक्षणाला पाठवा आणि त्याची फी मंडळाने भरावी. ढोल-ताशा पथकाला आपण ढोल घेऊन देतो, त्यात हे सहज बसेल. त्यांनी व्यावसायिक अ‍ॅडव्होकेट व्हावं असं नाही. आधी फाइल वाचून द्यावी, मीटिंगला शेजारी बसून टिपणं काढावीत, आणि प्रकरण हाताबाहेरचं वाटलं तर कुणाकडे जायचं ते सांगावं, इतकंच. निवृत्त सभासद यात उत्तम. मीटिंग्ज शाळेच्या वेळात असतात आणि नोकरदारांना ते जमत नाही. आपल्याकडे निवृत्त शिक्षिका आहेत, निवृत्त इंजिनियर आहेत, ज्यांचं सगळं आयुष्य इतरांच्या तक्त्यांमधल्या चुका काढण्यात गेलं. त्यांना हा तक्ता द्या.

दुसरं, राज्याच्या पेरेंट सेंटरचा फोन नंबर मंडळाच्या वेबसाइटवर पहिल्याच पानावर टाका आणि त्यांच्या माणसाला वर्षातून एकदा बोलवा. स्वतंत्र कार्यक्रम ठेवलात तर कुणी येणार नाही, कारण येणाऱ्याकडे बाकीचे बघतात. मराठी शाळेच्या पालकसभेतच अर्धा तास द्या, म्हणजे सगळेच बसलेले असतील आणि ज्याला गरज आहे तो नुसतं ऐकेल.

तिसरी गोष्ट ठरावात लिहावी की नाही यावर मी बराच विचार केला. सोबत जाणाऱ्यांनी तोंड बंद ठेवायचं. कुणाच्या मुलाचा आय-क्यू किती आला हे पुढच्या हळदीकुंकवाला चर्चेत आलं तर ही योजना त्याच दिवशी संपली. गोपनीयतेच्या लेखी हमीवर सही करून घ्या. सही करायला कचरेल त्याचं नाव यादीत नको.

सोबत जाणाऱ्यांमुळे मंडळावर कायदेशीर जबाबदारी येईल का, ही शंका खजिनदारांना येणारच, आणि ती रास्त आहे. ते कायदेशीर सल्ला देणार नाहीत, सुनावणीत कुणाची बाजू मांडणार नाहीत, हे पालकांकडून आधीच लिहून घ्यावं. सुनावणीत वकील नसलेल्या माणसाने बाजू मांडावी की नाही याचे नियम राज्यागणिक वेगळे आहेत, तेव्हा आपण त्या वाटेला जाऊच नये. मंडळात वकील आहेत, त्यांच्याकडून एक पानाचा मसुदा करून घेता येईल.

कार्यकारिणीच्या पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. अर्धा तास दिलात तर मी येईन आणि नाव-गाव खोडलेला एक आयईपी घेऊन येईन. तो तुम्ही सगळ्यांनी मिळून वाचा आणि त्यात "कन्सल्ट" कुठे आहे ते शोधा. मार्चपासून शाळांच्या वार्षिक मीटिंगांचा हंगाम सुरू होतो, तोवर निदान दोन माणसं तयार असावीत.

कळावे, लोभ असावा.

आपली,
मंडळाची एक आजीव सभासद